सायलेन्सर बदलतो एक, किंमत मोजतात सारे

गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रातील आणि महाराष्ट्राबाहेरील अनेक शहरांत एक सोहळा अधूनमधून पार पडत आला आहे. पोलिसांनी मोटारसायकलींवरून उतरवून घेतलेले शेकडो सायलेन्सर रस्त्यावर ओळीने मांडले जातात, वरिष्ठ अधिकारी आणि छायाचित्रकार हजर होतात आणि रोडरोलर त्या नळकांड्यांवरून सावकाश फिरविला जातो. दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रांत छायाचित्र झळकते, त्रासलेले नागरिक समाधान व्यक्त करतात, आणि काही दिवस उलटतात न उलटतात तोच त्याच रस्त्यांवरून तीच धडधड पुन्हा ऐकू येऊ लागते. एखाद्या रोगावर तेच औषध वर्षानुवर्षे द्यावे आणि रोग तसाच राहावा, असे जेव्हा घडते तेव्हा रोग्याला दोष देण्यापूर्वी निदान तपासून पाहणे शहाणपणाचे ठरते.

वरवर पाहता हा प्रश्न किरकोळ वाटतो. काही हौशी तरुण, काही मोटारसायकली, थोडा गोंगाट. त्याची चर्चा अग्रलेखाच्या पानावर कशासाठी, असे कोणी विचारील. परंतु एका व्यक्तीच्या उपभोगाचा खर्च दुसऱ्यांच्या माथी कसा जातो, बाजार तो खर्च का मोजू शकत नाही आणि कायदा असूनही तो का निष्प्रभ ठरतो, या तिन्ही गोष्टी इतक्या स्वच्छपणे दाखविणारे दुसरे उदाहरण सहजी सापडणार नाही. धूर, सांडपाणी, प्लॅस्टिक यांच्या बाबतीत जे गुंतागुंतीच्या स्वरूपात घडते तेच येथे एका लोखंडी नळीत सामावलेले आहे.

नळीच्या पोटात काय असते?

रॉयल एन्फील्डची बुलेट, क्लासिक, किंवा २०२० मध्ये बाजारात आलेली मीटिअर ३५० ही क्रूझर धर्तीची गाडी घ्या. या सर्व गाड्यांचे इंजिन एका सिलिंडरचे आणि चार फटक्यांचे आहे. अशा इंजिनात दर दोन फेऱ्यांमागे एक स्फोट होतो. मिनिटाला तीन हजार फेरे असतील तर सेकंदाला पंचवीस स्फोट. गाडी जागेवर उभी असताना हजार फेरे धरले तर सेकंदाला जेमतेम आठ. चार सिलिंडरांच्या गाडीत एका स्फोटाचा आवाज दुसऱ्यात मिसळून सलग गुंजारव तयार होतो. एकाच सिलिंडरात मात्र प्रत्येक ठोका सुटा ऐकू येतो. बुलेटच्या सुप्रसिद्ध ठोक्याचे सारे रहस्य एवढेच आहे.

प्रत्येक स्फोटानंतर जळालेला वायू मोठ्या दाबाने बाहेर पडतो. तो तसाच मोकळा सोडला तर बंदुकीच्या बारासारखा आवाज होईल. सायलेन्सरच्या आत कप्पे, जाळीदार नळ्या आणि आडवे पडदे असतात. काहींत काचतंतूंचे अस्तर असते. वायूला वळणे घेत, पसरत, थंड होत जावे लागते आणि दाबाच्या लाटा एकमेकींवर आदळून बऱ्याच अंशी विरतात. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ ही मानके लागू झाल्यावर उत्सर्जनमार्गाला आणखी एक जबाबदारी आली. विषारी वायूंचे रूपांतर करणारे उत्प्रेरक यंत्र त्या मार्गात बसते, आणि वायूतील प्राणवायूचे प्रमाण मोजणारा संवेदक इंधनाचे मिश्रण ठरविण्यास मदत करतो. म्हणजे आजचा सायलेन्सर हा डब्यासारखा लावलेला सुटा भाग राहिलेला नसून इंजिनाच्या श्वसनसंस्थेचे एक अंग झाला आहे.

बाजारात 'पंजाबी', 'इंदोरी', 'मेगाफोन', 'शॉर्ट बॉटल' अशा नावांनी ज्या नळ्या मिळतात त्यांतील बहुतेकींच्या पोटात फारसे काही नसते. काहींत काढता येण्याजोगी जाळी असते. ती दुकानात दाखविण्यापुरती राहते आणि गाडी गल्लीबाहेर पडण्यापूर्वी निघते. अशा नळीने गाडीला 'ताकद' येते, अशी समजूत रूढ आहे. मूळ सायलेन्सर वायूला काही अडथळा करतो हे खरे. परंतु इंजिनाची हवा घेण्याची वाट, इंधनाचे मिश्रण आणि झडपांच्या वेळा कायम ठेवून केवळ शेवटची नळी बदलली तर मिळणारा लाभ नाममात्र असतो. पुष्कळदा मिश्रण बिघडून इंजिन अधिक तापते, गाडी मागे फटाके फोडते आणि संथ गतीतील ओढ उलट कमी होते. नळी हलकी असते एवढा एक फायदा मात्र प्रामाणिकपणे मान्य केला पाहिजे. तेव्हा नळी बदलणारा माणूस पैसे मोजतो ते ताकदीसाठी नव्हे. तो आवाज विकत घेतो.

हौस नेमकी कशाची?

आवाज ही विकत घेण्याजोगी वस्तू आहे, हे उद्योगांनी फार पूर्वी ओळखले. अमेरिकेतील हार्ली-डेव्हिडसन कंपनीने आपल्या गाडीचा विशिष्ट आवाज ही आपली व्यापारचिन्हात्मक मालमत्ता आहे, असा अर्ज १९९४ मध्ये केला होता. प्रतिस्पर्ध्यांनी आक्षेप घेतले, प्रकरण लांबले आणि २००० मध्ये कंपनीने तो अर्ज मागे घेतला. ठोका हाच ज्याचा माल आहे, त्याचे अर्थकारण इंजिनाच्या अश्वशक्तीवरून समजणार नाही.

आपल्याकडे बुलेटला एक इतिहास आहे. भारतीय लष्कराने सीमेवरील गस्तीसाठी ती स्वीकारली, १९५५ मध्ये मद्रासला एन्फील्ड इंडिया कंपनी उभी राहिली, आणि पुढे इंग्लंडमधील मूळ कंपनी लयाला गेली तरी मद्रासचा कारखाना चालूच राहिला. फौजी, पोलीस अधिकारी, गावचा पाटील, तालुक्याचा डॉक्टर अशांची ती गाडी होती. ओतीव लोखंडाच्या त्या जुन्या इंजिनाचा ठोका दुरून ऐकू आला की कोण येत आहे हे गावाला कळे. पुढे मालकी बदलली, इंजिने बदलली आणि मध्यमवर्गीय तरुणाला हप्त्यावर ती गाडी परवडू लागली. पूर्वी ज्या आवाजाशी अधिकार जोडलेला होता, तो आवाज आता अधिकाराविना मिळू लागला. साहजिकच तो अधिक मोठा करून घेण्याची स्पर्धा सुरू झाली.

थॉर्स्टीन व्हेब्लेन या अर्थशास्त्रज्ञाने १८९९ मध्ये 'प्रदर्शनी उपभोग' ही कल्पना मांडली. काही वस्तूंचे मोल त्यांच्या उपयोगात नसते, इतरांनी त्यांची दखल घेण्यात असते. मोठ्या आवाजाची नळी हा प्रदर्शनी उपभोगाचा शुद्ध नमुना होय. महागडे घड्याळ पाहावयाचे की नाही हे आपल्या हाती असते. आवाजाला मात्र पापण्या मिटून टाळता येत नाही. आणि या उपभोगाची आणखी एक गंमत अशी की तो सर्वांनी केला की व्यर्थ ठरतो. एकाच रस्त्यावर वीस गाड्या धडधडू लागल्या की कोणाचीच ओळख उरत नाही; उरतो तो गोंगाट. मग एकविसावा त्याहून मोठी नळी शोधतो. या शर्यतीला शेवटची रेघ नाही.

तरुणांना हिणविण्यासाठी हे लिहिलेले नाही. ज्या समाजात स्थिर नोकरी उशिरा मिळते, स्वतःचे घर त्याहून उशिरा मिळते आणि आपले अस्तित्व जाणवून देण्याची सभ्य साधने थोडी असतात, तेथे थोडक्या रुपयांत सबंध पेठेचे लक्ष वेधून घेणारी नळी खपणारच. कारण समजून घेतले म्हणजे कृत्याचे समर्थन होत नाही. पण उपाय शोधताना कारण ठाऊक असलेले बरे.

खर्च कोणाच्या खात्यावर?

ए. सी. पिगू यांनी १९२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या कल्याणाच्या अर्थशास्त्रावरील ग्रंथात खाजगी परिव्यय आणि सामाजिक परिव्यय यांतील भेद विस्ताराने मांडला. नळी घेणाऱ्याचा खाजगी परिव्यय म्हणजे नळीची किंमत अधिक कारागिराची मजुरी. तेवढ्यावर त्याचा हिशेब संपतो. समाजाचा हिशेब तेथून सुरू होतो.

तो मांडण्यासाठी डेसिबलचे गणित थोडे समजून घ्यावे लागेल. हे माप सरळ बेरजेचे नाही. तीन डेसिबल वाढले की ध्वनीची ऊर्जा सुमारे दुप्पट होते, दहा वाढले की दहापट. भारतात १७५ घनसेंटिमीटरपेक्षा मोठ्या इंजिनाच्या दुचाकीला निर्मितीच्या वेळी ८० डेसिबलची कमाल मर्यादा आहे, आणि ती चालत्या गाडीपासून साडेसात मीटर अंतरावर मोजली जाते. समजा, नळी बदलल्याने हा आवाज १५ डेसिबलने वाढून ९५ झाला. ऊर्जेच्या हिशेबाने ही एक गाडी सुमारे तीस मूळ गाड्यांच्या बरोबरीची झाली. नोंदणी एका वाहनाची, कर एका वाहनाचा, आणि रस्त्यावर आवाज मात्र तिसांचा!

आता अंतर पाहू. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज सुमारे सहा डेसिबलने उतरतो. साडेसात मीटरवर ९५ असलेला आवाज पंधरा मीटरवर ८९, तिसांवर ८३ आणि साठ मीटरवर ७७ राहील. मूळ सायलेन्सरची गाडी साडेदहा मीटरवरून गेली असता जेवढा आवाज येईल तेवढा हा आवाज साठ मीटरवरच्या घरात पोहोचतो. आपल्या पेठांतील दोन्ही बाजूंच्या पक्क्या भिंती तो विरू न देता परतवीत राहतात, म्हणून प्रत्यक्षातला हिशेब याहून वाईटच असणार. शिवाय एका सिलिंडरच्या ठोक्यातील खर्जाचा भाग भिंती आणि खिडक्या तितक्या सहजी अडवू शकत नाहीत.

ध्वनिप्रदूषण नियंत्रण नियम, २००० यांनी निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल अशी मर्यादा घातली आहे. रुग्णालये, शिक्षणसंस्था व न्यायालये यांच्या शंभर मीटर परिसरातील शांतता क्षेत्रात ती ५० आणि ४० आहे. या मर्यादा ठरावीक काळाच्या सरासरीच्या आहेत, एका क्षणाच्या नव्हेत, असा युक्तिवाद केला जातो आणि तांत्रिकदृष्ट्या तो बरोबर आहे. परंतु माणसाची झोप सरासरीने मोडत नाही; ती एका क्षणात मोडते.

पॅरिस परिसरातील आवाजाचे मापन करणाऱ्या ब्रुइपारिफ या संस्थेचा एक अंदाज बराच गाजला: सायलेन्सर बिघडविलेली एकच स्कूटर रात्री पॅरिस शहर ओलांडून गेली तर दहा हजारांपर्यंत माणसांची झोप मोडू शकते. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने २०११ मध्ये असा निष्कर्ष काढला की पश्चिम युरोपात रहदारीच्या आवाजापायी दरसाल किमान दहा लाख निरोगी आयुष्यवर्षे वाया जातात. त्यात सर्वांत मोठा वाटा झोपमोडीचा आणि चिडचिडीचा असला तरी हृदयविकाराचाही समावेश आहे.

आपल्या शहरांचा विचार करताना हा खर्च कोणाच्या वाट्याला येतो हे विशेष पाहिले पाहिजे. ज्यांची घरे रस्त्यापासून दूर आहेत, ज्यांच्या खिडक्यांना दुहेरी काचा आहेत आणि ज्यांच्या खोल्या वातानुकूलित आहेत, त्यांना तो जवळजवळ पडत नाही. रस्त्यालगतच्या चाळीत राहणारा, पहाटे पाळीवर जाणारा कामगार, परीक्षेचा अभ्यास करणारा विद्यार्थी, सरकारी रुग्णालयाच्या सामान्य कक्षात पडलेला रोगी, तान्ह्या मुलाला नुकतेच निजविलेली आई, यांच्या खात्यावर तो जमा होतो. हा कर कोणत्याही विधिमंडळाने मंजूर केलेला नाही, आणि त्याचे ओझे गरिबाला श्रीमंतापेक्षा अधिक आहे.

तडजोड का होत नाही?

येथे अर्थशास्त्राचा विद्यार्थी रोनाल्ड कोस यांचे नाव घेईल, आणि ते रास्तच आहे. १९६० मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'सामाजिक परिव्ययाची समस्या' या निबंधात कोस यांनी पिगूंच्या विचाराला आव्हान दिले. त्यांनी घेतलेल्या उदाहरणांपैकी एक आवाजाचेच होते. १८७९ मध्ये इंग्लंडमध्ये निकाली निघालेल्या एका खटल्यात लंडनमधील एका मिठाईवाल्याच्या खलबत्त्याच्या आवाजाने आणि हादऱ्याने शेजारच्या डॉक्टराला त्रास होऊ लागला. मिठाईवाल्याचे काम वर्षानुवर्षे चालू होते. डॉक्टराने तपासणीची खोली नंतर बांधली होती. न्यायालयाने निकाल डॉक्टराच्या बाजूने दिला. कोस यांचे म्हणणे असे की हानी ही दोन्ही बाजूंनी असते. हक्क कोणाचा हे एकदा स्पष्ट झाले आणि वाटाघाटींना खर्च येत नसला, तर दोघे आपसांत देवाणघेवाण करून सर्वांत किफायतशीर मार्ग काढतील.

हा विचार मोटारसायकलीला लावून पाहिला की त्यातील अट किती कळीची आहे हे कळते. मिठाईवाला आणि डॉक्टर दोघेच होते, शेजारी होते आणि एकमेकांना ओळखत होते. येथे एका बाजूस एक स्वार आहे आणि दुसऱ्या बाजूस रस्त्याच्या दुतर्फा राहणारी हजारो माणसे. स्वार दहा सेकंदांत निघून जातो. त्याचे नाव ठाऊक नाही, अंधारात क्रमांक दिसत नाही. प्रत्येकाची हानी एकेकटी पाहिली तर एवढी लहान की तिच्यापायी कोणी ठाण्यावर जाणार नाही. सर्वांची मिळून एवढी मोठी की स्वाराच्या आनंदाशी तिची तुलनाच होऊ नये. वाटाघाटींचा खर्च अशा ठिकाणी डोंगराएवढा असतो. म्हणूनच कोस यांच्या विचारातून निघणारा खरा निष्कर्ष 'सरकारने स्वस्थ बसावे' असा नाही. जेथे माणसे आपसांत सौदा करू शकत नाहीत तेथे नियम कोणता आणि तो सर्वांत कमी खर्चात कोठे लागू करावा हे शोधले पाहिजे, असा तो आहे.

कायदा आहे, मग अडते कोठे?

कायद्याची उणीव नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील १२० व्या नियमानुसार प्रत्येक वाहनाला आवाज शक्य तितका कमी करणारा सायलेन्सर असलाच पाहिजे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या ५२ व्या कलमाने निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरफार करण्यास मनाई केली आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर १९० व्या कलमाखाली आवाज आणि हवा यांच्या प्रदूषणाविषयीची मानके मोडणाऱ्याला पहिल्याच गुन्ह्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, शिवाय तीन महिने परवान्यास अपात्रता, अशी तरतूद आहे. सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २००५ च्या निकालात आवाजापासून मुक्त जगणे हा घटनेच्या २१ व्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचाच भाग मानला. अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या लखनौ खंडपीठाने तर जुलै २०२१ मध्ये बदललेल्या सायलेन्सरांच्या उपद्रवाची स्वतःहून दखल घेतली.

एवढे असून धडधड थांबत नाही. याचे एक उत्तर गॅरी बेकर यांनी १९६८ मध्ये गुन्हा आणि शिक्षा यांविषयी मांडलेल्या विवेचनात मिळते. गुन्हा करू पाहणारा माणूस कागदावरील शिक्षा मोजत नाही. शिक्षेची रक्कम आणि सापडण्याची शक्यता यांचा गुणाकार मोजतो. उदाहरणादाखल असे समजा की वर्षभरात सापडण्याची शक्यता शंभरात एक आहे. मग दहा हजारांचा दंड म्हणजे मनातल्या मनात केवळ शंभर रुपये. उलट दंड हजारच रुपये असला, पण सापडण्याची शक्यता दोनात एक असली, तर तोच हिशेब पाचशेवर जातो. याचा अर्थ असा की दंड दसपट करण्यापेक्षा तपासणी नियमित करणे अधिक परिणामकारक असते. आपण मात्र नेमके उलटे करतो. कायद्यात आकडा वाढवितो, कलम २०० खालील तडजोड शुल्कावर प्रकरण मिटवितो, आणि वर्षाकाठी एखादी मोहीम काढून रोडरोलर फिरवितो. मोहिमेचा काळ संपेपर्यंत जुनी नळी माळ्यावरून खाली येते, आणि मोहीम संपली की पुन्हा वर जाते.

दुसरे उत्तर पुरवठ्याच्या बाजूस आहे. सुटा भाग विकणाऱ्याला एक लाख रुपये दंडाची जी कडक तरतूद २०१९ मध्ये आली ती केंद्र सरकारने 'सुरक्षेच्या दृष्टीने महत्त्वाचे' म्हणून अधिसूचित केलेल्या भागांपुरती आहे. परिणामी पोकळ नळी तयार करणे हा उद्योग, विकणे हा व्यापार, आणि गाडीला लावून रस्त्यावर येणे तेवढा गुन्हा, अशी विचित्र विभागणी झाली आहे. नळीवर 'सार्वजनिक रस्त्यावर वापरासाठी नाही' असा शिक्का मारला की विक्रेता हात झटकून मोकळा. जणू काही आपल्या तालुक्यातालुक्यांत खाजगी शर्यतीची मैदाने आहेत! काही शहरांत पोलिसांनी दुकानदार आणि कारागीर यांच्यावरही कारवाई केली आहे, ती स्वागतार्ह आहे; परंतु अपवाद म्हणून केलेल्या कारवाईतून धोरण तयार होत नाही.

काही आक्षेप

मोठ्या आवाजाने अपघात टळतात, असे अनेक मोटारसायकलस्वार कळकळीने सांगतात. त्यांच्या मनातील भीती खोटी नाही. आपल्या रस्त्यांवर दुचाकीस्वाराचा जीव स्वस्त आहे. पण नळीचे तोंड मागे असते आणि धोका बहुधा समोरून किंवा चौकातून येतो. बंद काचांच्या मोटारीत बसलेल्याला आवाज उशिरा कळतो आणि दिशा कळतच नाही. शिवाय सर्वच गाड्या मोठ्याने धडधडू लागल्या तर इशारा म्हणून त्या आवाजाचे मूल्य शून्य होईल. दिवा, शिरस्त्राण आणि आवरलेला वेग ही साधने यापेक्षा स्वस्त आणि खात्रीची आहेत.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. कर्णकर्कश हॉर्न, मिरवणुकांतील ध्वनिक्षेपकांच्या भिंती, लग्नाच्या वराती आणि प्रचाराच्या गाड्या या सर्वांना सोडून तरुणांच्या मोटारसायकलीच का धरावयाच्या? हा पक्षपात खरा आहे. ज्याच्यामागे मंडळ, पक्ष किंवा जमाव आहे त्याला हात लावणे अवघड आणि एकट्या स्वाराला अडविणे सोपे, हे सर्वांना दिसते. मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१६ मध्ये आवाजाविषयी सविस्तर आदेश दिले, त्यांचा रोख मुख्यतः उत्सवांतील ध्वनिक्षेपकांवर होता. तथापि, एका अन्यायाकडे डोळेझाक होते म्हणून दुसराही चालू द्यावा, हा युक्तिवाद स्वीकारला तर सुधारणेला कोठूनच सुरुवात करता येणार नाही. मात्र जो पोलीस नळी उतरवितो त्याच्या हातून ध्वनिक्षेपकही उतरला, तर नळी उतरविण्याला नैतिक बळ येईल, हे शासनाने ध्यानात ठेवावे.

तिसरी अडचण व्यावहारिक आहे. मूळ सायलेन्सर गंजतो, फुटतो, पडल्यावर चेपतो. कंपनीच्या नव्या नळीची किंमत बाजारातल्या नळीच्या मानाने कितीतरी अधिक असते. तेव्हा बदललेला प्रत्येक सायलेन्सर उनाडपणाचाच असतो असे नाही. कित्येकांना केवळ परवडणारी दुरुस्ती हवी असते, आणि त्यांना कायदेशीर मार्ग दाखविला जात नाही.

काय करता येईल?

यावरून पुढील वाट बऱ्याच अंशी स्पष्ट होते. युरोपात बदली सायलेन्सरांना सरसकट बंदी नाही. ठरावीक कसोटीला उतरलेल्या नळीवर मान्यतेची खूण कोरलेली असते. ती खूण नसेल तर नळी रस्त्यावर बेकायदा. तेथील नोंदणीपत्रकात गाडी उभी असताना, अमुक फेऱ्यांवर, किती आवाज करते हा आकडाही नोंदलेला असतो. त्यामुळे रस्त्यावरील पोलिसाला वाद घालावा लागत नाही: खूण पाहावयाची, मापक धरावयाचा, आकडा ताडून पाहावयाचा. पॅरिस आणि फ्रान्समधील अन्य काही ठिकाणी २०२२ पासून आवाज मोजून वाहनाचा क्रमांक टिपणाऱ्या स्वयंचलित यंत्रांच्या चाचण्याही सुरू झाल्या.

आपल्याकडे हे अशक्य नाही. वाहनांच्या कसोट्या घेणारी ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ही संस्था पुण्यातच आहे आणि १९६६ पासून काम करीत आहे. उभ्या वाहनाचा आवाज मोजण्याची भारतीय मानक पद्धतही उपलब्ध आहे. प्रत्येक दुचाकीचा उभ्या स्थितीतील आवाजाचा आकडा नोंदणी प्रमाणपत्रावर छापावा. कसोटीला उतरलेल्या बदली नळ्यांवर ग्राहकाला सहज दिसेल अशी खूण सक्तीची करावी, म्हणजे लहान उत्पादकालाही चांगला माल करून बाजारात टिकण्याची संधी मिळेल. खूण नसलेली नळी बनविणे आणि विकणे हाच दखलपात्र गुन्हा करावा. हजारो स्वारांच्या मागे धावण्यापेक्षा मोजके उत्पादक आणि घाऊक विक्रेते तपासणे किती स्वस्त पडेल, हे सांगावयास अर्थशास्त्र नको.

चौथी गोष्ट सर्वांत साधी आहे. प्रत्येक वाहनाला ठरावीक मुदतीने प्रदूषण नियंत्रण प्रमाणपत्र घ्यावे लागते. त्या केंद्रावर पेट्रोलच्या गाडीचा धूर तपासला जातो, आवाज तपासला जात नाही. तेथेच एक ध्वनिमापक ठेवावा. तपासणीपुरती मूळ नळी लावून येणारे निघतील, हे मान्य. परंतु दर खेपेस नळी बदलण्याचा त्रास हाही एक खर्चच असतो आणि खर्च वाढला की मागणी घटते. त्याच्या जोडीला रस्त्यावरील तपासणी वर्षातून एकदा गाजावाजाने करण्याऐवजी दर आठवड्याला थोडी थोडी, मुख्यत्वे रात्री आणि शांतता क्षेत्रांत, करावी. दंड माफक असावा, पण चुकू नये.

रोडरोलर चालविण्यास धैर्य लागत नाही. चिरडलेले लोखंड भंगारात जाते, त्याची नवी नळी होते आणि ती पुन्हा दुकानाच्या दर्शनी भागात टांगली जाते. धैर्य लागते ते त्या दुकानाच्या दारात जाऊन हा माल कोणी बनविला आणि कोणाच्या परवानगीने विकला हे विचारण्यास. शांतता ही कोणाच्या मालकीची वस्तू नसल्यामुळे तिचा भाव कोणी लावीत नाही, आणि भाव नसलेली वस्तू फुकट लुटली जाते. तिचा हिशेब बाजार ठेवू शकत नसेल तर तो शासनाने ठेवला पाहिजे. त्या हिशेबात पहिली नोंद रस्त्यालगतच्या रुग्णालयात पहाटे तीन वाजता दचकून जागा झालेल्या रोग्याची असावी. गाडीच्या हौसेची नोंद त्यानंतर येईल.